कुंडीतले थेंब

हाड पक्कं जुळलं की नाही, हे खात्रीनं कळायचं असेल तर एकच मार्ग आहे. ते पुन्हा मोडून बघायचं. किती जोर लावल्यावर मोडतं ते मोजायचं आणि धडधाकट हाडाशी ताडून बघायचं. उंदरांच्या बाबतीत प्रयोगशाळेत हे सर्रास चालतं. माणसाला असं विचारता येत नाही, म्हणून माणसाच्या हाडाचा आपण एक्स-रे फोटो काढतो आणि फोटोत पांढरं दिसलं की खूश होतो.

मी वृषाली खोचरे. फिजिओथेरपिस्ट. कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या अस्थिबंध संशोधन केंद्रात मोडलेल्या माणसांना पुन्हा चालतं करायचं हे माझं काम. तोंडानं फटकळ आहे असं सगळे म्हणतात. असेन. रडणाऱ्या पेशंटला गोड बोलून कुणी उभं केलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आमच्याकडे स्नायुद नावाच्या नव्या औषधाचे थेंब आले तेव्हा अख्ख्या केंद्रात लग्नघर असल्यासारखी धांदल होती. त्यामागचं शास्त्र तसं जुनंच. पुरुषी हार्मोन स्नायू वाढवतं, हाडही दणकट करतं, हे पन्नासएक वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते हार्मोन शरीरात नको तिथे लुडबुड करतं. बाईला मिशा फुटतात, यकृतावर ताण येतो, हृदयाचं बिनसतं. मग शास्त्रज्ञांनी त्याच्यासारखेच, पण निवडक काम करणारे रेणू बनवले. किल्ली तीच, फक्त स्नायू आणि हाड या दोनच कुलपांना लागेल अशी घासलेली. जिममधली पोरं असले रेणू चोरून पीत आणि आरशात दंड बघत बसत, ती वेगळी कथा. हाडवाल्यांना त्यात रस होता तो म्हाताऱ्या माणसांसाठी. म्हातारपणी खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो आणि पडल्या पडल्या उरलेले स्नायूही गळतात. एकाच औषधानं हाडही जुळलं आणि मांडीत ताकदही आली, तर आणखी काय हवं!

पण पुरावा? पुरावा होता उंदरांचा. अंडाशय काढलेल्या उंदरिणींना असलं औषध दिलं की मोडलेल्या हाडाभोवती धरणारी गाठ मोठी आणि घट्ट व्हायची. काही प्रयोगांत हाड खरंच मजबूत निघालं, काहींत नुसती गाठच मोठी. माणसांत स्नायू वाढतात एवढं दाखवून झालं होतं. माणसाचं मोडलेलं हाड त्यानं लवकर जुळतं का, याचं धड उत्तर कुणाकडेच नव्हतं. ते शोधायला आमचा प्रयोग होता. अर्ध्या लोकांना स्नायुदचे थेंब, अर्ध्यांना त्याच चवीचं साखरपाणी. कुणाला काय मिळालं ते पेशंटलाही माहीत नाही, आम्हालाही नाही. बाटलीवर फक्त एक नंबर.

माझी भाची शिवन्या चौगले त्या प्रयोगात आली, कारण तिची नडगी गुडघ्याखाली मोडली होती. शिवू पैलवान. माझी धाकटी बहीण गेली तेव्हा ही पोर सहावीत होती. वाढवली मी, पण खरी वाढली ती सुरेखाक्का वस्तादांच्या तालमीत. रोज सकाळी हौद्यातली माती अंगाला लावून घरी यायची आणि माझ्या धुतलेल्या चादरीवर बसायची. किती ओरडले मी तिला! कुस्तीतलं मला काही कळत नाही, पण ती शड्डू ठोकून उभी राहिली की मला तिचा फार अभिमान वाटायचा. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

त्याच पंधरवड्यात तिची जोडीदारीण अल्फिया मुजावर हिचाही हात मनगटाच्या वर मोडला. दोघी लहानपणापासून एकाच हौद्यात उतरणाऱ्या, एकमेकींवर डाव शिकलेल्या. दोघींनी प्रयोगात नाव घातलं.

खेळाडूंना उत्तेजक औषधं बंद असतात. आता नव्या नियमानं एक फट ठेवली होती. हाड मोडलेल्या खेळाडूनं मान्य प्रयोगात स्वतःच्या नावाची बाटली घेतली तर चालेल, आणि फोटो चांगला आला तर खेळताही येईल. दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावलं की मात्र चार वर्षं घरी. हे सगळं मी तालमीत जाऊन समजावून सांगितलं. दोघी मांडी घालून समोर बसल्या होत्या, सुरेखाक्का दाराशी उभ्या.

"म्हणजे एकीला औषध आणि एकीला नुसतं साखरपाणी, असं पण हुईल?" शिवूनं विचारलं.

"होईल. दोघींनाही औषध लागेल, किंवा दोघींनाही पाणी. चिठ्ठी उडवल्यासारखं आहे."

"आणि जिला पाणी, तिनं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? प्यायचं गप. हाड काय, औषधाशिवायही जुळतंच की. आजवर जुळत नव्हती का माणसांची हाडं?"

अल्फिया हसली. शिवू हसली नाही. तिनं एकदा सुरेखाक्कांकडे बघितलं आणि सही केली.

पुढचे तीन महिने मी शिवूकडून घाम गाळून व्यायाम करून घेतला. मांडीला टेप लावला की ती खिदळायची, "मावशी, गुदगुल्या हुत्यात!" मांडी भरत होती. आधी पहिल्यासारखी झाली, मग पहिल्यापेक्षा जाड. दुखऱ्या पायाची तर चांगल्या पायाहूनही. एवढ्या वर्षांत मोडक्या पायाची मांडी अशी फुगलेली मी पाहिली नव्हती. मनात म्हटलं, पोरीला खरी बाटली लागली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? फोटोतही हाडाभोवती पांढरीशुभ्र गाठ दिसत होती. आमचे मुख्य संशोधक डॉ. निमकर फोटो दिव्यासमोर धरून म्हणाले, "अहो खोचरेताई, हे तर पाठ्यपुस्तकात छापावं असं जुळलंय." त्यांनी खेळायची परवानगी दिली.

निवड चाचणी सांगलीला होती. मॅटवर शिवूची कुस्ती लागली ती साताऱ्याच्या एका उंच मुलीशी. सुरुवातीला दोघींनी नुसती हाताला हात लावून चाचपणी केली. मग शिवू पट काढायला खाली वाकली, समोरचीच्या दोन्ही मांड्या कवळल्या आणि तिला उचलण्यासाठी सगळा जोर त्या पायावर घेऊन वर उठली. उठली, आणि आवाज आला. गॅलरीत बसलेल्या मला ऐकू आला. तिच्या त्या पायाला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

मी धावले. शिवू पाठीवर पडलेली, डोळे विस्फारलेले. "मावशी, मी काय केलो? मी नुस्ता जोर लावलो गं. नुस्ता जोर लावलो."

तिची तीच नडगी, तिथेच, पुन्हा मोडली होती.

ऑपरेशन निमकरांनीच केलं. बाहेर आल्यावर त्यांनी मास्क काढला. मग त्यांनी समजावून सांगितलं. हाड दोनदा बांधलं जातं. आधी घाईघाईनं कच्चं. मग शरीर ते कच्चं हाड थोडं थोडं काढून, जिकडून भार येतो त्या दिशेनं पक्कं रचत जातं. या दुसऱ्या कामाला वेळ लागतो आणि ते फोटोत धड दिसत नाही. शिवूची गाठ भलीमोठी होती, पण सगळी कच्ची. आणि तिच्यावर ओढ घेणारी मांडी मात्र बैलाच्या ताकदीची. भिंत ओली असतानाच तिला झोपाळ्याचा हूक मारावा, तसं झालं होतं. पिंजऱ्यातले उंदीर काही कुणाला उचलून आपटत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात हे कधी दिसलंच नव्हतं.

"म्हणजे थेंबांनीच केलं हे," मी म्हणाले.

"तसं म्हणता येणार नाही. तिला काय मिळालं ते आपल्याला माहीत नाही." पण असं काही गंभीर घडलं की त्या पेशंटपुरता पडदा उघडायचा नियम होता. निमकरांनी प्रयोगावर देखरेख करणाऱ्या पुण्याच्या समितीला कळवलं आणि संध्याकाळपर्यंत उत्तर आलं.

साखरपाणी.

निमकरांचा चेहरा उजळला. लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण उजळला. "बघा ताई. औषधाचा काही संबंध नाही. पोरीनं घाई केली, दुसरं काय."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण साखरपाण्यानं मांडी फुगत नाही हो! तो टेप मी स्वतःच्या हातानं लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक तालमीत गेले.

तालमीत ठंडाईची वेळ होती. सुरेखाक्का मोठ्या दगडी कुंडीत बदाम घोटत होत्या. कुणाच्या घरून तूप आलेलं, कुणाच्या घरून बदाम, कुणाच्या घरून काहीच नाही. पण सगळं त्या एका कुंडीत पडतं आणि सगळ्या पोरी त्यातूनच पितात. आपला खुराक एकटीनं खायचा नाही, ही त्या तालमीची पहिली शिस्त. पहिल्या दिवशी आलेल्या पोरीला डाव नंतर शिकवतात, हे आधी. आणि कुंडीशेजारी दोन पितळी पेले वेगळे ठेवले होते. एक भरलेला, एक उपडा घातलेला.

मला सगळं कळून चुकलं.  मी तिथेच पायरीवर बसले.

"दोघींचे थेंब एकत्र घालत होतात?"

सुरेखाक्कांनी घोटणं थांबवलं नाही. "व्हय. तांब्यात दोन्ही बाटल्यांचं माप वतायचं, ठंडाई घालायची, निम्मं निम्मं करायचं."

"अहो पण का? मी घसा फोडून सांगितलं होतं!"

"तुम्हीच सांगितलासा की, एकीत ताकद आणि एकीत नुसतं पाणी असलं म्हणून. मग एकीनं ताकद प्यायची आणि शेजारी बसून दुसरीनं पाणी प्यायचं? माझ्या तालमीत?" त्यांचा आवाज चढला. "आणि चोरून न्हाई काही. माझ्या डोळ्यांदेखत वाटून घेतल्यात पोरींनी. चोरून एकटीनं पिली असती तर मी हाकलून काढली असती तिला."

अल्फिया खांबाला टेकून उभी होती. तिचा हात आता झकास होता. त्याच आठवड्यात तिची राष्ट्रीय शिबिरासाठी निवड झाली होती. ती माझ्याजवळ येऊन खाली बसली.

"मावशी, तुम्ही बोलणार काय आता?"

मी शिवूचा उपडा पेला उचलून सरळ केला.

"आमच्या मोहल्ल्यातनं आजवर कोण गेलं न्हाई मावशी. अब्बांनी पेढे वाटल्यात काल." ती रडत नव्हती.  "शिवूचा पाय तर गेलाच. आता मला पण बसवून काय हुणार हाय?"

 गणित सरळ होतं. अल्फियाची बाटली खरी होती. तिचं निम्मं औषध शिवूच्या पोटात गेलं होतं. साखरपाण्याच्या गटात मोडलेली माझी पोर खरं तर औषधानं मोडली होती आणि हे जगात आम्हा चौघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले तर थेंब बाजारात येणार, आणि खुबा मोडलेल्या बायका ताकद आली म्हणून जिने चढायला लागणार. मी बोलले तर ही समोर बसलेली पोरगी संपणार.

मी दवाखान्यात शिवूला विचारलं. चूक केली की बरोबर, कोण जाणे, पण विचारलं. तिच्या पायात स्टीलची सळई होती आणि तोंडाला कोरड.

"न्हाई बोलायचं," ती म्हणाली. "मावशी, तुझ्या पाया पडतो. अल्फीचं नाव घेऊ नको. तिनं मला निम्मं दिलं. तिचं तिला पुरं घेता आलं असतं. तिनं निम्मं दिलं गं मला."

"आणि उद्या कुणाच्या तरी आईचा पाय असाच मोडला म्हणजे?"

"ते डॉक्टर बघतील की! तूच का?"

मी तिला पाणी पाजलं, तिचं अंथरूण नीट केलं आणि खाली येऊन निमकरांना सगळं सांगितलं. माझा स्वभावच तसा. माझ्याच्यानं पोटात ठेवून जगणं झालं नसतं. पण एवढंच कारण होतं म्हणाल तर तेही खरं नाही. माझ्या पोरीचा पाय कशानं गेला हे जगाला कळलं पाहिजे, असा एक हट्ट धरला होता माझ्या मनानं. रागच होता तो.

समितीची बैठक कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली. अध्यक्ष सांख्यिकीच्या एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, अतिशय शांत आणि सभ्य. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"खोचरेबाई, तुम्ही हे सांगितलंत याचं मला फार मोल वाटतं," त्या म्हणाल्या. "पण नियम असा आहे की चिठ्ठीनं जो माणूस ज्या गटात गेला, तो शेवटपर्यंत त्याच गटात मोजायचा. त्यानं औषध घेतलं, सांडलं, वाटलं, काहीही केलं तरी. नाहीतर प्रत्येक संशोधक नको असलेला पेशंट उचलून सोयीच्या रकान्यात टाकेल."

"पण तिनं औषध घेतलं होतं हो!"

"कदाचित. रक्ताची तपासणी उशिरा झाली, त्यात काही सापडलेलं नाही. आम्ही तळटीप देऊ."

आणि वाईट याचं वाटतं की बाई चुकत नव्हत्या. तो नियम शहाण्या माणसांनी लबाडी रोखायला केलाय आणि तो बहुतेक वेळा रोखतो. मी स्वतः नव्या मुलांना तो शिकवलाय. त्या दिवशी मात्र मला पडद्यावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हातात फक्त पेन होतं.

त्यांनी एक गोष्ट तातडीनं केली. दुसऱ्याची बाटली घेतल्याचं कुस्ती महासंघाला कळवलं. ते त्यांना बंधनकारकच होतं. दोघींवर चार वर्षांची बंदी आली. शिवूला तिचं काय सोयरसुतक, पाय तसाही गेलेला. अल्फिया शिबिराच्या दारातून परत आली. पुढच्याच महिन्यात तिच्या अब्बांनी तिला कराडला मामाकडे पाठवून दिलं. सुरेखाक्का रस्त्यात भेटल्या तर माझ्याकडे न बघता पुढे जातात. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

प्रयोगाचा निकाल यायला आणखी एक वर्ष गेलं. निकाल काठावरचा होता. थेंबवाल्यांची हाडं पुन्हा मोडण्याचं प्रमाण साखरपाणीवाल्यांपेक्षा जरासं कमी, इतकं जरासं की एखादं हाड इकडचं तिकडे झालं असतं तर काहीच सिद्ध झालं नसतं. पण झालं नाही. स्नायुदला मान्यता मिळाली. केंद्रात केक कापला. निमकरांनी मला एक तुकडा आणून दिला आणि मी तो टेबलावर ठेवून घरी आले.

शिवू अंगणात खुर्चीवर बसली होती. कुबड्या भिंतीला लावलेल्या. व्यायामाची वेळ होती, म्हणून मी तिच्या पायाशी पाटावर बसले आणि नेहमीसारखा पाय मांडीवर घेतला. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"लागला निकाल?"

"लागला. औषध पास झालं."

 गुडघा वाकवताना कळ आली, तरी तिनं ओठ उघडले नाहीत.

"माझं हाड कुठं मोजलं मावशी?"

"साखरपाण्यात."

"आणि अल्फीचं?"

"औषधात."

"म्हणजे माझं मोडलं ते पाण्यानं. आणि तिचं जुळलं ते औषधानं."

"कागदावर तसं आहे."

"म्हणजे माझ्या मोडण्यानं ते औषध चांगलं ठरलं."

 मी मान डोलावली.

"आणि तू बोललीस, त्याचं काय झालं?"

"खाली एक टीप छापलीय. बारीक अक्षरात."

"आणि अल्फी कराडला."

"हो."

तिनं दोन्ही हातांनी आपला पाय माझ्या मांडीवरून उचलला. सावकाश, काचेचं भांडं उचलावं तसा उचलला आणि खाली जमिनीवर ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती.

"मावशी, उद्यापासून व्यायामाला दुसऱ्या कुणाला तरी पाठव," ती म्हणाली. "तू जेवायला घाल, मी जेवतो. तू बोल, मी बोलतो. पण माझ्या पायाला आता तू हात लावू नको."

 मी उठून आत गेले आणि केंद्रातल्या दुसऱ्या फिजिओथेरपिस्टला फोन लावला. उद्या सकाळी जमेल, असं ती म्हणाली.